भुरा, पांढरी आणि फिनेलची बादली

ससा हा गरीब प्राणी आहे असं ज्याने कोणी पुस्तकात लिहिलं, त्याला आठ दिवस आमच्या जालन्याच्या घरी आणून ठेवायला हवं होतं. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी दोन सशांनी आमच्या घरात जो उच्छाद मांडला, तो आठवला की अजूनही माझं डोकं तापतं. आणि तापता तापता मध्येच मान खाली जाते, कारण त्या भांडणाला सुरुवात मी करून दिली होती आणि नाव मात्र सासूबाईंचं घेतलं होतं.

ससे लेकीचे. ती तेव्हा सातवीत होती. आठवडी बाजारात एका माणसाने टोपलीतून काढून दाखवले आणि "दोन्ही माद्या आहेत ताई, बिलकुल गॅरंटी" म्हणून आमच्या गळ्यात मारले. पिल्लं मोठी झाली तशी त्याच्या गॅरंटीची किंमत कळली. एक मादी होती, दुसरा नव्हता. लेक दर आठवड्याला त्यांची नावं बदलायची, म्हणून कंटाळून सासूबाईंनीच त्यांना पांढरी आणि भुरा अशी नावं देऊन टाकली. त्यांच्या घरी बैलांची नावंही अशीच ठेवत.

सासूबाई टेंभुर्णीच्या. मी त्यांना आत्या म्हणते. मामंजी गेल्यावर शेत बटईने लावून त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी शाळेत, नवरा त्याच्या ऑफिसात, लेक तिच्या शाळेत, म्हणजे दिवसभर घरात त्या आणि दोन ससे. मागच्या ओट्यावर त्या धान्य निवडत बसायच्या आणि हे दोघं त्यांच्या पायाशी पसरलेले. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडून त्या रोज गाईगुरांचा लसूणघास मूठभर मागून आणायच्या. मी ससे पाळले असं म्हणायला जीभ रेटत नाही. पाळले आत्यांनी.

पिल्लावळ नको म्हणून दोघांचं ऑपरेशन करायचं ठरलं. जालन्यात सशाचं ऑपरेशन करणारं आम्हाला कोणी सापडलं नाही, म्हणून संभाजीनगर गाठलं. भुऱ्याचं आधी झालं, तो त्याच संध्याकाळी घरी आला आणि रात्री कोथिंबीर खायला लागला. महिन्याने पांढरीची पाळी. तिचं पोट उघडायचं म्हणून डॉक्टरांनी तिला दोन रात्री ठेवून घेतलं.

दवाखान्यातून कोणी घरी यायचं असलं की आधी घर धुऊन काढायचं, ही माझ्या माहेरची रीत. माझ्या आईने बाळंतपणाच्या वेळी माझ्यासाठी भिंतीसुद्धा धुतल्या होत्या. तर पांढरी यायच्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा घेतली. आत्या देवळात भजनाला गेल्या होत्या. भुऱ्याला बाथरूममध्ये कोंडलं, पिंजरा अंगणात ओढला, खालचं गोणपाट कचऱ्यात टाकलं, बादलीत अर्धी बाटली फिनेल ओतलं आणि खराट्याने सगळा पिंजरा, त्याखालचा ओटा, पाण्याचं भांडं, लाकडी खोका, काही म्हणून सोडलं नाही. वरून तीन बादल्या पाणी मारून उन्हात वाळवलं आणि भुऱ्याला परत आत सोडलं. पिंजरा कसा दवाखान्यासारखा स्वच्छ झाला. मला माझंच कौतुक वाटलं.

तासाभराने नवरा पांढरीला घेऊन आला. आत्या भजनाहून येऊन दारातच भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. माणसाला ओवाळतात तसं त्यांनी पांढरीला ओवाळलं, तुकडा रस्त्यावर टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं. आणि मी पिशवी आत ठेवून येईपर्यंत खोबरेल तेलात कालवलेली दोन बोटं हळद तिच्या पोटावर टाक्यांच्या कडेने लावून मोकळ्या. जखम कोरडी ठेवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी चिडले, पण म्हटलं, जाऊ दे, लावली तर लावली. पांढरीला नेऊन पिंजऱ्यात सोडली.

पुढचं सगळं एका मिनिटात झालं. भुऱ्याने एकदा तिचा वास घेतला, मागे सरला आणि उडीच घेतली. दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गरागरा फिरायला लागले, केसांचे पुंजके उडाले, आणि मी हात घालून पांढरीला बाहेर ओढेपर्यंत तिचा उजवा कान टोकाला फाटला होता. माझ्या मनगटावर भुऱ्याच्या दातांची खूण अजून आहे. लेक रडत होती. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, ससे एकमेकांना वासावरून ओळखतात. तिचा वास बदललाय. तिला काही लावलं का?

"हळद लावली सासूबाईंनी," मी म्हणाले. जरा जास्तच मोठ्याने म्हणाले. "नको नको म्हणत असताना लावली. आत्या, तुम्हाला किती वेळा सांगायचं, हे काही तुमच्या गोठ्यातलं गाय-वासरू नाही."

डॉक्टर म्हणाले, हळदीने थोडाफार फरक पडेलही. आणि पिंजरा धुतला का?

"नुसता पुसला," मी म्हणाले.

मी आठवीला विज्ञान शिकवते. फिनेलने त्या पिंजऱ्यातून पांढरीचा सगळा मागमूस घालवला, भुऱ्याचा स्वतःचाही घालवला, आणि परक्या घरात बिचकलेल्या जनावरासमोर आपण एक परकं जनावर नेऊन सोडलं, हे मला तिथेच, त्या फोनच्या मध्येच समजलं होतं. पण तोंडातून 'नुसता पुसला' निघून गेलं होतं आणि समोर आत्या खाली मान घालून हळदीची बोटं पदराला पुसत होत्या. मी म्हटलं, आत्ता कशाला. जोडी पुन्हा जमली की आपोआप सगळं मिटेल, कोणाची चूक हा प्रश्नच उरणार नाही. आणि नाही जमली तर? तर दोनातला एक ससा घराबाहेर जाणार आणि तो आत्यांच्या नावावर जाणार. म्हणजे जोडी जमवणं मला भागच होतं.

त्या दिवसापासून आत्यांनी सशांना हात लावला नाही. घास आणायच्या, निवडायच्या, आणि टोपली दाराशी ठेवून द्यायच्या. धान्य निवडायला ओट्यावर न बसता स्वयंपाकघरात बसायला लागल्या. मी एकदा म्हटलं, "आत्या, बसा की तिकडे वाऱ्याला." तर म्हणाल्या, "नगं बाई. पुन्हा काही व्हायचं, अन् मंग माझंच नाव निघायचं." मला राग आला. त्यांचा आला की माझा स्वतःचा, हे काही मी तेव्हा तपासायला गेले नाही.

आता घरात दोन पिंजरे झाले. एक ओट्यावर, एक हॉलमध्ये टीव्हीखाली. दोन ठिकाणी झाडायचं, दोन ठिकाणी पाणी, आणि एकाला बाहेर सोडलं की दुसरा पिंजऱ्याच्या गजांना दात लावून खडखड करायचा. सकाळी साडेसहाला डबे करायचे, त्यात हे. डॉक्टर म्हणाले होते की कान बरा होऊ द्या, महिनाभर तरी घाई करू नका. मी बाराव्या दिवशी दोघांना हॉलमध्ये सतरंजीवर एकत्र सोडलं. भुरा सोफ्याखालून तिच्या अंगावर धावला. मी उशी मध्ये घातली, उशी फाटली.

मग नवऱ्याला मोबाइलवर कुठल्यातरी उंटावरच्या शहाण्याचा उपाय सापडला. दोघांना एका खोक्यात घालून गाडीतून फिरवा, घाबरले की एकमेकांना चिकटतात. रविवारी सकाळी मी मांडीवर खोकं घेऊन मागे बसले आणि आम्ही अंबड चौफुलीपर्यंत जाऊन आलो. प्रत्येक खड्ड्याला मी आत डोकावून बघत होते. आणि खरंच, दोघं एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगात तोंड खुपसून बसलेले, किती गोड. लेक आनंदाने टाळ्या पिटायला लागली. घरी येऊन खोकं खाली ठेवलं, झाकण उघडलं, आणि खाली पाय टेकताच भुऱ्याने पांढरीच्या पाठीचे केस उपटले. पेट्रोल गेलं ते गेलं, शेजारचे काका गेटवरून विचारतात, "सशाला हवापालट का?"

तिसरा उपाय केळ्याचा. दोघांच्या कपाळाला केळं चोळायचं, म्हणजे एकमेकांना चाटतील आणि प्रेम जुळेल. पांढरीने स्वतःच्या पंजाने स्वतःचं कपाळ साफ केलं. भुऱ्यानेही तेच. मग सतरंजीवर मुंग्या आल्या.

प्रत्येक वेळी फसलं की लेक चिडून म्हणायची, "आजीने हळद नसती लावली तर आज हे झालंच नसतं." आणि प्रत्येक वेळी मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे. एकदा तिला गप्प करायला म्हणून मी म्हटलं, "असू दे, आजीला काय कळतंय." हे समजूत घालणं होतं म्हणे. आत्या आत भाकरी थापत होत्या, थापण्याचा आवाज मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

महिना होत आला तेव्हा मी हात टेकले. माझी एक मावसबहीण वडीगोद्रीला असते. हायवेला त्यांचं दुकान, मागे मोठं मोकळं आवार, त्यात कोंबड्या. ती म्हणाली, दे पाठवून एकाला, रविवारी आम्ही जालन्याला येतोच आहोत. भुऱ्याला द्यायचं ठरलं. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि जे थोडं बोलली ते आजीला टोचेल असं बोलली.

बुधवारी मी शाळेतून आले तर आत्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. वरच्या खोलीतले भाडेकरू महिन्यापूर्वी सोडून गेले होते, खोलीला नुकताच रंग दिला होता.

"त्या पोराला द्यायच्या आधी एक सांगू का?" त्या म्हणाल्या. पोरगा म्हणजे भुरा. "ऐकायचं असंल तर ऐक, न्हाईतर सोड."

"सांगा ना आत्या."

"तू दर बारीला एकाच्या घरात दुसऱ्याला ढकलून राह्यली. हॉल तिचा झालाय आता, ओटा त्याचा. कोण आपल्या घरात कोणाला घेईल? आमच्याकडं नवा बैल आणला की पहिल्या दिवशी जुन्याच्या दावणीला न्हाई बांधत. दोघांला बी तिसरीकडंच नेत्यात. खळ्यात म्हन, नाहीतर बांधावरच्या झाडाखाली. अन् बांधायचं कसं, तर तोंडं पोचतील पर शिंगं पोचणार न्हाईत. मधी एकच पेंढी टाकायची. दोघं एका पेंढीला तोंड लावत्यात, खाता खाता वासाची सवय व्हती. धा-पंधरा दिवस. मंग जू ठेवायचं मानंवर."

"पण भुऱ्याचं तर ऑपरेशन झालंय, तरी तो असा..."

"खच्ची केल्यावर बी मस्ती लगेच जाती का? गोऱ्ह्याची न्हाई जात. त्याला बी दिस लागत्यात. तुम्हाला सगळं जल्दी पायजे."

हेच सगळं डॉक्टरांनी थोडंफार वेगळ्या शब्दांत मला महिन्यापूर्वी सांगितलं होतं. आणि हे सांगणारी बाई महिनाभर माझ्या घरात गप्प बसून होती, कारण मी तिला गप्प केलं होतं.

वरच्या खोलीत कोणाचाच वास नव्हता, रंगाचा सोडला तर. मी खिडकीची जुनी जाळी खोलीच्या मधोमध उभी केली, दोन्ही बाजूंना विटा लावल्या. इकडे भुरा, तिकडे पांढरी, आणि जाळीला टेकून दोन्हीकडून खाता येईल असा घासाचा एकच ढीग. आत्यांनी सांगितलं म्हणून रोज सकाळी गोणपाटाचे तुकडे बदलायचे, त्याचा तिच्याकडे आणि तिचा त्याच्याकडे. आत्या स्वतः उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बाहेर जिन्याच्या कट्ट्यावर बसून हुकूम सोडायच्या. "पेंढी अजून जवळ सरकव. आता हात नको लावू. बस गप."

गप बसणं माझ्याने होत नाही. तिसऱ्या दिवशी दोघं जाळीच्या दोन बाजूंनी एकच काडी चावत होते, नाकं जवळजवळ लागलेली. दुसऱ्या दिवशी रविवार, मावसबहीण येणार. मी म्हटलं, झालं की हे, आणि जाळी उचलली. दोन मिनिटं काही झालं नाही. तिसऱ्या मिनिटाला पांढरीने, महिनाभर मार खाल्लेल्या पांढरीने, भुऱ्याच्या मांडीचा चावा घेतला आणि सगळी खोली केसांनी भरली. मी दोघांना सोडवलं आणि जमिनीवर बसून अक्षरशः रडले. रागाने रडले. मला त्या सशांना, त्या जाळीला आणि विटांना एकेक शिवी द्यावीशी वाटत होती.

आत्या दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "तुला जोडी लावायची न्हाई. तुला काम उरकायचंय."

मावसबहिणीला मी फोन करून सांगितलं की आठ दिवस थांब. ती म्हणाली, नक्की काय ते ठरवा, मी पिंजरा करून ठेवलाय. पुन्हा जाळी, पुन्हा विटा, पुन्हा घासाचा ढीग. शाळेतून आले की चहा घेऊन वर जायचं आणि जाळीजवळ भिंतीला टेकून बसायचं. वह्या तपासायला नेल्या तर आत्यांनी त्याही बंद केल्या, कागदाच्या आवाजाने ते दचकतात म्हणून. मग नुसतं बसायचं. माझ्या आयुष्यात मी इतकं नुसतं कधी बसले नव्हते. पाय आखडायचे, डोक्यात हजार कामं, आणि समोर दोन ससे एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

आठव्या दिवशी आत्यांनी जाळी काढायला लावली. दहा मिनिटं ठेवायचं, भांडायच्या आत बाजूला करायचं. मग पंधरा, मग अर्धा तास. आता भांडण नव्हतं, पण दुसरंच सुरू झालं. दोघं समोरासमोर यायचे आणि दोघंही डोकं खाली घालून जमिनीला टेकवायचे. आधी मला बरं वाटलं, म्हटलं शरण आले. डॉक्टरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, शरण कसले, आधी तू मला चाट असं म्हणतायत. दोघंही तेच म्हणत होते. चार दिवस, रोज, दोन डोकी जमिनीला टेकलेली आणि चाटायला कोणी तयार नाही. मी वैतागून म्हणायचे, अरे चाट ना मेल्या, काय जातंय तुझं.

पंधराव्या दिवशी, शनिवारची शाळा सकाळची म्हणून मी दुपारीच वर बसले होते, तेव्हा भुऱ्याने डोकं खाली ठेवलं, थोडा वेळ वाट बघितली, मग उठला आणि पांढरीच्या फाटक्या कानापाशी तोंड नेलं. तो चाटायला लागला. कानाच्या टोकापासून खाली, मग डोळ्याभोवती, मग पुन्हा कान. पांढरीने डोळे मिटले आणि हळूहळू एका कुशीवर कलंडली. मी दबक्या आवाजात आत्यांना हाक मारली. त्या कट्ट्यावरून उठून दारापर्यंत आल्या, बघितलं, आणि "आता ऱ्हाऊ द्या यांला एकत्र" एवढंच म्हणून खाली निघून गेल्या.

संध्याकाळी लेक आणि नवरा वर आले तेव्हा दोघं एकमेकांना लगटून झोपलेले होते. लेकीने मला मिठी मारली. मी मावसबहिणीला तिथूनच फोन लावला, ती थोडी फुगली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला हलकं वाटत होतं. सुटले, मिटलं सगळं. तेवढ्यात नवरा जिन्यातून खाली ओरडला, "आई, ये बघायला! तुझी हळद माफ झाली बरं का!"

लेक हसली. मीही त्या भरात हसले. खालून भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला.

आणि तिथेच ते हलकेपण गेलं. मी दीड महिना धरून बसले होते की जोडी जमली की मिटेल. जोडी जमली होती आणि त्यांना माफी मिळाली होती, न केलेल्या गुन्ह्याची, हसत हसत. ती जोडी ज्यांनी लावली त्यांनाच.

मी खाली गेले. आत्या चुलीसमोर, म्हणजे गॅससमोर, भाकरी करत होत्या. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, हळदीने नव्हतं झालं ते. त्या दिवशी तुम्ही भजनाला गेल्यावर मी पिंजरा फिनेलने धुतला होता. डॉक्टरांना खोटं सांगितलं. तुमच्यावर घातलं."

त्यांनी भाकरी उलटली. कड दाबत राहिल्या. मला वाटलं रागावतील, किंवा जाऊ दे बाई म्हणतील. दोन्हीपैकी एक झालं असतं तर मला चाललं असतं.

"मला सांगून काय उपेग?" त्या म्हणाल्या. "म्या काय केलं अन् काय न्हाई, ते मला ठाऊक हाय. ज्यांच्यासमोर मला बोलली, त्यांच्यासमोर सांग."

"सांगेन ना, आत्या. आज सगळे खुशीत आहेत, उद्या निवांत..."

"आजच सांग. खुशीत हायेत तवाच."

जेवायला बसल्यावर सांगितलं. पहिला घास घ्यायच्या आधी. फिनेल, गोणपाट, डॉक्टरांचा प्रश्न आणि माझं उत्तर, आणि नंतर दीड महिना लेक आजीला बोलत असताना मी गप्प बसले ते. नवरा खाली ताटाकडे बघत राहिला. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझी बाजू घेतली नाही. मी बोलून संपवलं तेव्हा लेकीने तिचं ताट उचललं आणि माझ्या शेजारून उठून आजीजवळ जाऊन बसली.